धुराड्याच्या घरातली पेटी

१

"नावानं हाक मार, सायर. उत्तर येवो न येवो, हाक नावानंच मारायची."

सिस्टर नोरांचं हे सांगणं अजून माझ्या कानात आहे. त्यांची मराठी मोडकी होती, 'ळ' तर शेवटपर्यंत जमला नाही. पण हे वाक्य त्या कधी चुकल्या नाहीत. मी त्याचा नियमच करून घेतला. सकाळी सामायिक, आमचं जैनांचं घडीभराचं ध्यान, झालं की गल्लीच्या तोंडाशी रिक्षा करायची, पांझरेचा पूल ओलांडून देवपूरच्या पुढे धुराड्याच्या घरी जायचं, तिथल्या चौघांना नावानं हाक मारायची, आणि मगच तोंडात पाणी घ्यायचं.

धुराड्याचं घर हे लोकांनी दिलेलं नाव. आयर्लंडहून आलेल्या सिस्टरांनी मनोरुग्णांसाठी तो दवाखाना बांधला, आणि इमारतीचा नकाशा आपल्या गावाकडचा आणला. म्हणून लांबलचक व्हरांडे, उंच खिडक्या आणि छपरावर विटांची धुराडी. खान्देशच्या उन्हात शेकोटीची सोय. त्यांत कधी विस्तव पेटला नाही. पिढ्यान्‌पिढ्या पोपट मात्र सुखानं नांदले.

काही वर्षांपूर्वी दवाखाना बंद झाला. सिस्टर म्हाताऱ्या होऊन परत गेल्या, नवीन कुणी आल्या नाहीत. आता तिथे मुलींचं नर्सिंग कॉलेज होणार आहे. पुढच्या इमारतीत प्लास्टर चालू आहे, आणि मागच्या बैठ्या ओळीत, ज्यांना न्यायला घरून कुणीच आलं नाही, असे चार म्हातारे उरले आहेत.

श्रावणातला मंगळवार होता. आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई देवी बसते आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सगळं धुळे जरा उशिराच उठतं. पण फाटकावरचा राखणदार अभिमन माझी वाट बघत उभा होता. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"अक्का, झुलाल आबांची पेटी गेली."

"गेली म्हणजे?"

"काल दुपारपर्यंत होती. आज झाडायला खोली उघडली तर जागा रिकामी. कुलूप जसंच्या तसं. बाकीच्या पेट्यांना हात नाही लावलेला."

मी पायरीवरच बसले. बाकीच्या कुठल्याही पेटीला पाय फुटले असते तरी चाललं असतं. झुलाल आबांची पेटी शुक्रवारी उघडायची होती, आणि त्या माणसाचं पुढचं सगळं आयुष्य तिच्यात होतं.

२

पेट्यांची ती पद्धत सिस्टर नोरांची. माणूस दवाखान्यात आला की त्याच्या अंगावरचे कपडे, चपला, हातातलं कडं, सोबत आणलेलं काहीबाही, सगळं एका पेटीत ठेवून कुलूप लावायचं. बरा झाला की त्यानंच आपल्या हातानं पेटी उघडायची, आपलेच कपडे घालायचे आणि फाटकाबाहेर पडायचं. दुसऱ्या कुणी उघडायची नाही.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, एवढं जपायचं कशाला? तेव्हा त्यांनी त्यांच्या गावाबाहेरच्या मोठ्या दगडी घराचं सांगितलं. त्यांच्या आईचा भाऊ तिथे गेला तो परत आलाच नाही. जेवायच्या टेबलाशी त्याची खुर्चीसुद्धा ठेवली नाही, मग नाव कोण घेणार? पुढे ते घर बंद पडलं, तेव्हा मागच्या शेतात गवताखाली थडग्यांच्या लोखंडी खुणा सापडल्या. त्यांवर नुसते आकडे. "माणसं विसरण्यात आम्ही फार हुशार होतो, सायर," त्या म्हणाल्या होत्या. "इथे तसं होऊ द्यायचं नाही."

मीही त्या घरात राहून आले आहे. माझं पहिलं बाळ गेलं आणि माझी वाचा बंद झाली. घरच्यांनी रडत रडत मला तिथे आणलं. आमच्यात सूर्य मावळल्यावर अन्नपाणी घेत नाहीत. वॉर्डाचं जेवण दिवेलागणीला यायचं. सिस्टर नोरांना हे कुणी सांगितलं मला अजून ठाऊक नाही, पण मी होते तोवर रोज ऊन असताना त्या स्वतः माझं ताट घेऊन यायच्या, सोबत उकळून गार केलेलं पाणी, आणि म्हणायच्या, "लवकर, सायर, सूर्य थांबत नाही." मला परत बोलावंसं वाटलं ते त्या ताटामुळे. त्या घराचं माझ्यावर जे आहे ते फिटण्यासारखं नाही, आणि ते फिटावं असं मला वाटतही नाही.

झुलाल आबा माझ्याही आधीपासून तिथे. विशीत आलेले, आता पार थकलेले. ज्यानं आणून सोडलं त्यानं आडनाव खोटं सांगितलं, गावही खोटं. सिस्टरांनी फार शोध घेतला; पेटी मात्र घरूनच कुलूप लागून आलेली, ती नियमाप्रमाणे त्यांनीही उघडली नाही. आबा स्वतः बोलत नाहीत. हाक मारली की मान तिरकी करून हसतात, एवढंच. गेल्या महिन्यात खात्याकडून नूतन मॅडम आल्या आणि त्यांनी नियम सांगितला: कॉलेज सुरू होण्याआधी ओळ रिकामी व्हायला हवी. बाकी तिघांची जवळच्या वृद्धाश्रमात सोय लागली. आबांच्या कागदावर मात्र आजार अजून तसाच लिहिलेला, म्हणून त्यांना वृद्धाश्रम घेईना. त्यांना लांबच्या जिल्ह्यातल्या मोठ्या संस्थेत जावं लागणार होतं. एकच वाट होती. शुक्रवारी पंचांसमोर पेटी उघडायची, त्यात गावाचा काही माग लागला तर घरच्यांना गाठायचं. नाही लागला तर शनिवारी गाडी येणार.

मी मागच्या ओळीत गेले. आबा ओट्यावर बसले होते.

"झुलाल आबा."

मान तिरकी झाली. आज हसू नेहमीपेक्षा मोठं होतं. त्यांच्या बोटांना तुपाचा आणि गुळाचा वास येत होता. उशीखाली कापडात गुंडाळलेला पुरणाच्या जाड पोळीचा तुकडा होता.

"हे कुणी दिलं?"

"कुणी तरी कानबाईचा प्रसाद दिला असेल," अभिमन म्हणाला. "अक्का, आबांनी आज नवीनच वेड काढलं. सकाळी ते खाल्लं, मग कडुलिंबाखाली बोटांनी खड्डा उकरला आणि त्यात हात धुतले. नळ समोर आहे. मी म्हटलं, आबा, नळावर या, तर माझ्यावर डोळे वटारले. मग खड्डा बुजवला आणि वर दगड ठेवला."

मी कडुलिंबाकडे बघितलं. दगड होता. मला वाईट वाटलं. म्हातारपणी आजार परत डोकं वर काढतोय की काय, असंच मनात आलं. आबांनी मात्र माझ्याकडे असं बघितलं, जणू समजायला हवं ते मलाच समजत नव्हतं.

३

पेट्यांच्या खोलीची किल्ली ऑफिसात कॅलेंडरमागच्या खिळ्याला असते. हे चौघांना माहीत: अभिमन, स्वयंपाक करणाऱ्या बेबाबाई, नूतन मॅडम आणि कामाचे ठेकेदार प्रेमराजभाऊ. मला धरून पाच. नूतन मॅडम सुट्टीवर होत्या. उरलेल्यांशी मी बोलायचं ठरवलं. पोलिसांत गेलं असतं तर पहिला हात अभिमनच्या दंडाला पडला असता.

"काल कुठे होतास रे?" मी त्यालाच आधी विचारलं.

"खरं सांगू? फाटकाला कडी घालून मिरवणूक बघायला गेलो. आमच्याकडे कानबाई नाही अक्का, आम्ही शिरपूरच्या वर, डोंगरातले. आमचे देव वेगळे. पण बँड फार भारी होता." मग खाली बघत म्हणाला, "माझी नोकरी जाईल का?"

"बँड चांगला होता ना? मग झालं तर."

बेबाबाई स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. त्यांनी पाठ न वळवताच सुरू केलं. "माले इचारू नका अक्का. मी कोठेच गयी नही. मन्हा दीर वारना, आमना घरमा औंदा सुतक. कानबाई नही, काही नही. सोमवारले मी आठेच, चूलपाशी निजेल व्हती."

"आबांना पुरणाची पोळी तुम्ही दिलीत?"

"मी? सुतकमा पुरण कोन शिजाडस?" आता त्या वळल्या. माझ्या अडाणीपणाची त्यांना कीव आली होती. "तुमी वाणी लोक. तुमले काय सांगू."

पुढच्या इमारतीत प्रेमराजभाऊ कामगारांवर ओरडत होते. पन्नाशीचा, धिप्पाड माणूस. आवाज असा की पोपट उडावेत. "अरे, किती वेळा सांगू? दुपारी मागच्या ओळीकडे ड्रिल चालवायचं नाही. म्हातारी माणसं झोपतात तिकडे."

माणूस तोंडाचा फाटका, पण मला त्यांचं कौतुक होतं. आबांच्या ओट्यावर ऊन येतं म्हणून त्यांनी पदरच्या पैशानं पत्रा टाकून दिला होता. मी पेटीचं विचारलं.

"भंगारवाल्यानं नेली असणार."

"कुलूप फोडलेलं नाही, भाऊ."

"मग अभिमनला विचारा. मी काय पेट्यांची राखण करतो?"

"काल आला होतात इकडे?"

"काल सगळ्यांना सुट्टी होती."

"हो, तुमच्याकडे पण बसत असेल ना कानबाई?"

"छे, छे. आमच्याकडे बंद झाली ती. कधीचीच. आजोबांबरोबर गेली." त्यांनी मोबाइल कानाला लावला, पण तो वाजल्याचं मी ऐकलं नव्हतं. "अक्का, एका म्हाताऱ्याच्या फाटक्या कपड्यांसाठी एवढं काय? जाऊ द्या ना त्याला. तिकडे डॉक्टर असतील, सोय असेल."

"तिकडे त्यांना नावानं हाक कोण मारेल?"

प्रेमराजभाऊंनी मान फिरवली. मग त्यांनी उगाचच एका कामगाराला शिवी दिली आणि निघून गेले.

४

बुधवारी नूतन मॅडम आल्या. पेटीचं ऐकून त्या खुर्चीत कोसळल्यासारख्या बसल्या.

"अक्का, मी मोठ्या मुश्किलीनं शुक्रवारची मुदत मिळवली होती. आता वरचे म्हणतील, पेटीच नाही तर थांबायचं कशाला?"

मुलगी चांगली आहे. नशिराबादची, नवरा सांगलीकडचा.  मग तिचं मन रमावं म्हणून मी विचारलं, "माहेरी कानबाईला गेली होतीस ना? कशी झाली?"

"काय सांगू. दोन दिवस राबले. आणि आईनं माझ्यासमोर बसून रोट खाल्ला, मला वाढली शेवभाजी."

"का गं?"

"रोट फक्त घरच्यांनी खायचा. भाऊबंदांनी. मी आता परक्याची. सासरी म्हणावं तर त्यांना कानबाई म्हणजे काय तेच माहीत नाही. म्हणजे मी इकडचीही नाही नि तिकडचीही नाही, शेवभाजीची." ती हसली. "तुम्ही इतकी वर्षं धुळ्यात, तुम्हाला ठाऊक असेल."

"रोट घरात करतात एवढं ठाऊक. आम्हाला लाह्याफुटाण्यांचा प्रसाद मिळतो."

"तो सगळ्यांना. रोट नाही. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात, त्याचे पुरणाचे जाड रोट. जिवंत माणसाच्याच नावानं हं, गेलेल्याची मूठ बंद. बाहेरच्याला त्यातला कणही द्यायचा नाही, टाकायचा नाही, पुनवेच्या आत संपवायचा. खाऊन हातसुद्धा नळावर धुवायचे नाहीत. अंगणात खड्डा करतात, त्यात धुवायचे आणि खड्डा बुजवायचा, ते पाणी कुणाच्या पायाखाली यायला नको म्हणून."

माझ्या बोटांतली जपाची माळ थांबली.

"नूतन, पुन्हा सांग. हात कुठे धुवायचे?"

तिनं सांगितलं. मी उठून खिडकीशी गेले. कडुलिंबाखाली तो दगड तसाच होता.

"आबांनी काल तेच केलं," मी म्हणाले. "आपण त्याला वेड समजलो. अगं, त्यांनी घरचा रिवाज पाळला. इतक्या वर्षांत त्यांच्यापाशी घरचं काही राहिलं नाही असं आपण धरून चाललो होतो, आणि हे राहिलं होतं. रोट हातात पडला की काय करायचं, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं."

नूतनला कळायला क्षण लागला. "म्हणजे ती पुरणाची पोळी नव्हती."

"रोट होता. आणि रोट बाहेरच्याला देत नाहीत. ज्यानं दिला तो आबांच्या घरचाच माणूस. सोमवारी तो इथे आला होता, आणि सोमवारीच पेटी गेली."

"बाहेरून कुणी आलं असेल."

"बाहेरच्याला खिळ्यावरच्या किल्लीचं काय ठाऊक? आता बघ. अभिमनच्या घरी कानबाई नाहीच. बेबाबाईंकडे सुतक, यंदा बसलेली नाही. तुला स्वतःलाच कुणी रोट दिला नाही."

"मी तर शेवभाजीवाली," ती पुटपुटली, पण आता हसत नव्हती.

"राहिला एकच. मी एकदाच विचारलं, तर त्यानं तीनदा सांगितलं की त्याच्या घरी कानबाई बसत नाही."

नूतन उभी राहिली. "पोलिसांना सांगू?"

"नको. पेटी लपवायला आलेला माणूस सोबत रोट घेऊन आला. असा चोर मी तरी पाहिला नाही. आधी मला त्याच्या घरी जाऊ दे."

५

प्रेमराजभाऊंचं घर देवपुरातच. त्यांच्या मुलीचं, रत्नाचं, लग्न ठरल्याचं कळलं होतं, म्हणून गुरुवारी दुपारी शेर-दोन शेर बदाम घेऊन मी निघाले. रिकाम्या हातानं कसं जायचं?

दार उघडं होतं. अंगणाच्या कोपऱ्यात, पेरूच्या झाडाखाली, माती नुकतीच उकरून बुजवलेली दिसत होती, आणि वर फरशीचा तुकडा. मी चपला काढता काढता क्षणभर थांबले.

आत भाऊंच्या आई, तानुबाई, झोपाळ्यावर गहू निवडत बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, काटक बाई. त्यांनी मला बघताच ओळखलं.

"तू दुकानवाली सायर शे ना? ये, बठ माय. चहा लेशी?"

"नको, आता पाणीच द्या. उकळलेलं असलं तर बरं."

रत्नानं पाणी आणून दिलं, पाया पडली, आत गेली. तानुबाईंच्या बाजूला एक टोपली स्वच्छ कापडानं झाकलेली होती. माझी नजर तिकडे गेली तशी त्यांनी ती हळूच आपल्याकडे ओढली.

"राग मानू नको. हाऊ तुले चालाव नही."

"ठाऊक आहे. रोट आहे ना? पुनवेच्या आत संपवायचा." मी पाण्याचा पेला खाली ठेवला. "प्रेमराजभाऊ तर म्हणाले, तुमच्याकडे कानबाई बंद झाली."

त्यांची बोटं गव्हात थांबली. "त्यानी आस सांगं?"

"तानुबाई, घरात पुरुष किती?"

"प्रेमराज. नि त्याना भूषण."

"आणि मुठी किती घेतल्या?"

 झोपाळ्याची कडी कुरकुरत होती. मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदरानं हात पुसले आणि म्हणाल्या, "तीन."



त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आवाज एकदम लहान झाला, सोळा वर्षांच्या मुलीसारखा. "तू त्याले रोज देखस ना? मन्हा जेठले? कसा शे तो? दात शेतस का त्याना? रोट चावता उना का त्याले?"

६

देवघरात कानबाईच्या पाटाशेजारी पेटी होती. कुलूप तसंच. कुणी उघडली नव्हती.

तानुबाईंनी सांगितलं ते असं. ही पेटी त्यांच्याच रुखवतातली. त्या नव्या नवरी होत्या, तेव्हा थोरल्या दिराला, झुलालला, शेतात एकटं बडबडताना लोकांनी बघितलं. सासऱ्यांनी एका सकाळी त्याला गाडीत घातलं. सासूबाईंना काही सुचेना. त्यांनी सुनेची पेटी रिकामी करवली आणि दोघींनी मिळून त्याचे कपडे भरले. झाकणाच्या आत पेटीवाल्यानं रंगानं तानुबाईंचं नाव, माहेर आणि सासर, दोन्ही गावांसकट काढलेलं होतं. सासरे परत आले ते एकटेच, आणि गावात सांगितलं, पोरगा जत्रेत हरवला, मग म्हणाले, गेला. पण सासूबाईंनी कानबाईला त्याची मूठ काढायचं सोडलं नाही. नवऱ्यानं टोकलं तर एवढंच म्हणत, "मन्हा पोर जित्ता शे." त्याच्या वाट्याचा रोट त्या स्वतः खात. त्यांच्यामागे तानुबाई खाऊ लागल्या.

हे चाललं असताना प्रेमराजभाऊ दारात येऊन उभे राहिले. मला बघून त्यांना सगळं कळलं. तो एवढा मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे.

"साइट बघायला पहिल्यांदा गेलो, अक्का," ते म्हणाले. "ओट्यावर म्हातारा बसलेला. मी विचारलं, बाबा, ऑफिस कुठे? त्यानं मान तिरकी केली. माझे वडील अस्सेच बघायचे. घरी येऊन आईला सांगितलं, आणि तिनं सगळं काढलं. तोवर मला फक्त माहीत की एक मूठ जास्त निघते. लहानपणी विचारलं की आई म्हणायची, देवाची."

"मग शुक्रवारचं कळलं."

"पंचांसमोर झाकण उघडलं असतं आणि आतलं नाव सगळ्यांनी वाचलं असतं. रत्नाचं ठरलंय. मुलीकडे वेड आहे असं झालं की कोण थांबतं?" ते भिंतीला टेकले. "सोमवारी सगळे नदीवर गेले, तेव्हा आणली."

"पण भाऊ, रोट कशाला नेलात? तो नेला नसता तर मला कधी कळलं नसतं."

त्यांनी आईकडे बघितलं. "नाही नेला असता तर काय केलं असतं? इतकी वर्षं मालक बेपत्ता होता, तोवर आई खात होती. आता मालक इथून हाकेच्या अंतरावर आहे हे माहीत झालं. त्याच्या नावचा रोट मी खायचा? टाकायचा? कानबाई समोर बसलेली. मला जमलं नाही. पेटी उचलली आणि त्याच्या हातात रोट दिला. त्यानं आधी कपाळाला लावला, मग माझ्या डोक्यावर हात ठेवला." 

मी माळ पदराखाली ठेवली. "प्रेमराजभाऊ, मी त्या घरात राहून आले आहे."

"तुम्ही? सेवेला."

"पेशंट म्हणून. बोलता येत नव्हतं मला. आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. अर्ध्या धुळ्यात आमच्या दुकानचे गहू जातात, कुणी परत केले नाहीत. माझ्या दोन्ही सुना सगळं समजून आल्या. मी आधीच सांगितलं होतं त्यांच्या घरी. सांगितल्यावर कोण थांबतं ते कळतं, आणि जो थांबतो तो मग जन्मभर थांबतो."

"तुमचं वेगळं, अक्का."

"बाबा." रत्ना स्वयंपाकघराच्या दारात होती, हाताला पीठ. "माझं ठरलंय त्याला मी सांगितलंय. परवाच. देवघरात पेटी दिसली, आजीला विचारलं, तिनं सांगितलं."

भाऊ भिंतीपासून पुढे आले. "काय म्हणाला तो?"

"आधी सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाला, हळदीला मोठ्या आजोबांना खुर्ची लागेल की खाली बसतात?"

 भाऊंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी मनातल्या मनात हात जोडले; कुणाकुणाला, ते मला सांगता यायचं नाही. एका आयर्लंडच्या बाईला, एका मेलेल्या सासूला, त्या न पाहिलेल्या मुलाला.

"उद्या नूतन मॅडमना भेटा," मी म्हणाले. "पेटी घेऊन या. पंचांना सांगा, आम्ही घरचे. मग शनिवारची गाडी रिकामी जाईल. चोरीचं मी बोलणार नाही. अभिमनला मात्र तुम्ही स्वतः सांगा, त्याचा जीव टांगलाय."

"उद्या सकाळीच जातो," भाऊ म्हणाले. "आज जरा भावकीत फोन करतो. त्यांना आधी सांगायला हवं, नाहीतर म्हणतील."

ते फोन शोधू लागले. कोणाला आधी, कोणाला नंतर, कोण काय म्हणेल, यावर बापलेकीचं सुरू झालं. मी तानुबाईंकडे वळले तर झोपाळा रिकामा होता.

त्या आतून आल्या. स्वच्छ धुतलेलं नऊवारी नेसलेल्या. टोपलीतला एक रोट त्यांनी नव्या कापडात बांधून काखेला मारला होता. माझ्याजवळ येऊन त्या हळू म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू: "सासूनी मरता मरता मन्हा हात धरेल व्हता. म्हने, तो कोठे शे ते समजनं ते तू जाय. कोनी येवो नको येवो. मी हो म्हनेल व्हतं."

"थांबा, भाऊ गाडी काढतील," मी म्हणाले.

"त्याना फोन होऊ दे."

त्यांनी उंबऱ्याशी चपला घातल्या, देवघराकडे बघून एकदा हात जोडले आणि फाटक आवाज न करता उघडलं. भाऊ आतून कुणाला तरी म्हणत होते, हॅलो, ऐका तर. तानुबाई तोवर रस्त्यावर आल्या होत्या. ऊन अजून होतं. डोक्यावरचा पदर सारखा करून, कडेकडेनं, घाई न करता त्या चालू लागल्या.